रुमाल लवकर पडला

“भियाजी, आप ‘सावधान’ बोलोगे नहीं, तो हम बजाएँगे कब?”

बँडमास्तरचा प्रश्न रास्त होता. मिलच्या चाळीसमोर मांडव पडला होता, पाहुणे येऊन बसले होते आणि लग्न मला लावायचं होतं. मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर. सुट्टीच्या दिवशी बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध पद्धतीने लग्न लावून देणारा. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारून फार काळ लोटला नव्हता. नव्या विधीत अंतरपाट नाही, मुहूर्त नाही, ‘शुभमंगल सावधान’ नाही. त्यामुळे लग्न नेमकं कधी लागलं, हे भल्याभल्यांना कळत नसे.

मुलाचे काका महूचे रिटायर्ड हवालदार. त्यांनी मला आधीच्या बैठकीतच घेरलं होतं.

“आचार्यजी, पब्लिकला समजलं पाहिजे, के भई लग्न लागलं. नाहीतर लोग म्हणतील, भाषण ऐकून आलो.”

मी प्रोग्राम समजावला. आधी त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जायचं आणि पाच नियम पाळायचा शब्द द्यायचा. मग नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा. मग हार. हार पडले की लग्न लागलं, आणि सगळ्यांनी तीनदा ‘साधु’ म्हणायचं.

“बस. तीन साधु झाले की मी रुमाल खाली टाकतो, बँड सुरू. फिकर नका करू, एकदम मिलिटरी काम.”

मला घोर होता तो वेगळाच. नवरी सुमन शाळेत शिकवायची. तिचं मागणं एकच होतं: माझा हात आईनेच त्यांच्या हातात द्यावा. आई, कौसल्याबाई, विधवा. नवऱ्यामागे मिलमध्ये राबून त्यांनी एकटीने पोर शिकवली होती. नव्या धर्मात विधवा अशुभ नाही, हे मी आधीच घरी जाऊन त्यांना परोपरीने सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पटतंय भाऊ. पण माझ्या पायांना कोण समजावणार? लेकीचं लग्न लागू द्या, मग येते बाहेर. त्याआधी माझी सावली नको.”

सुमन मला दारापर्यंत सोडायला आली. “आचार्यजी, काही तरी करा न,” एवढंच म्हणाली. मी मान हलवली खरी, पण करणार काय, कपाळ?

आता मांडवात बँडमास्तरला मी काकांचा रुमाल दाखवला आणि विधी सुरू केला. कौसल्याबाई समोर चाळीतल्या स्वयंपाकघरात, दार आतून लावलेलं. पंचशील संपलं. रिवाजाप्रमाणे मांडवाने तीनदा ‘साधु’ म्हटलं. पंचशीलानंतरही साधु म्हणतातच, पण हवालदारसाहेबांच्या हिशेबात तीन साधु एकदाच होते.

रुमाल पडला.

बँड दणाणला. फुलांचा पाऊस पडला. दोन्हीकडची माणसं एकमेकांना कडकडून भेटली, कोणीतरी नुक्तीची, म्हणजे गोड बुंदीची परात मागवली. नवरा हातातला हार तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मी “थांबा” म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. बेसनाने माखलेल्या हातांनी कौसल्याबाई धावत आल्या आणि त्यांनी लेकीला मिठी मारली.

मी तोंड मिटलं. हाताने बँड थांबवला.

“कौसल्याबाई, पोरीचा हात धरून इथेच उभ्या राहा. थोडं बाकी आहे.”

प्रतिज्ञा सुरू झाल्या. दुसऱ्या प्रतिज्ञेला कौसल्याबाईंच्या लक्षात आलं, लग्न अजून लागायचंय. माझ्याकडे बघितलं, एक पाऊल मागे घेतलं. सुमनने हात सोडला नाही.

“आई, आता कुठे चाललीस?”

त्या थांबल्या. पदराने हात पुसला आणि लेकीचा हात जावयाच्या हातात दिला. हार पडले. बँड पुन्हा वाजला, आधीपेक्षा जोरात. मला इतका आनंद झाला होता की शेवटची गाथा मी नको तेवढ्या मोठ्याने म्हटली.

पंगतीत हवालदारसाहेब शेजारी येऊन बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “आचार्यजी, रुमाल जरा जल्दी पडला का?”

“नाही काकाजी. अगदी टायमावर पडला.”

पुढे मी पुष्कळ लग्नं लावली. विधवा आई दाराआड बसणार म्हणाली, तर मी आता वाद घालत नाही. बँडमास्तरला बाजूला घेतो आणि दोनदा वाजवायला सांगतो.