बुक्क्याचा टिळा

"अगं मावशे, बोट काढ! आदी बोट काढ!" पौडच्या फोटोवाल्यानं अशी आरोळी ठोकली की धरणाच्या भिंतीला तडा गेला नाही, हे मुळशीचं नशीब.

मावशी ताम्हिणीकडच्या वाडीतली. तिचा नवरा वारला होता आणि मी बाजारात सहज काढलेला आणि या फोटोवाल्याकडून छापून घेतलेला त्याचा एवढा एकच फोटो होता. तो हातात पडताच तिनं पदराच्या गाठीतला बुक्का काढून नवऱ्याच्या कपाळी लावला. कागद बिनचकाकीचा, नाजूक. बुक्का असा मुरला की पुसता पुसेना, उलट सगळं कपाळ काळं झालं. मावशीला वाटलं, नवरा दुसऱ्यांदा गेला.

या कागदावर छापणारा भरवशाचा माणूस शोधताना मी सगळं पुणं पालथं घातलं होतं. एकानं नवरदेव पिठात लोळवून छापला, दुसऱ्यानं नवरीला दाढी आणली. हा पौडचा फोटोवाला मात्र छापताना श्वास रोखायचा. इतका, की बायकोनं दोनदा वैद्य बोलावला. फोटोत मिशा काळ्या करून मागणाऱ्या पाटलाला त्यानं हाकलून दिलं होतं.

तो अंधाऱ्या खोलीत गेला आणि बऱ्याच वेळानं दुसरा फोटो घेऊन आला. कपाळावर बारीक ब्रशनं काढलेला काळा टिळा होता. मावशीनं पाहिलं आणि लांबूनच हात जोडले.

ती गेल्यावर मी म्हणालो, "तुम्ही तर फोटोला ब्रश लावत नाही."

"न्हाईतर ती उद्या परत बोट लावंल," तो म्हणाला. "कागद नासतो."