मोजे काढून बसा

सुईबाईंकडे येणाऱ्या पुरुषांना पहिलं फर्मान ठरलेलं असायचं, "मोजे काढा."

माणूस गोंधळायचा. केस काढायचे पाठीवरचे, खांद्यांवरचे, फार तर कानांवरचे. त्यात मोज्यांचा काय संबंध? बाई खुर्चीची पाठ खाली करत म्हणायच्या, "तुम्ही पुरुष दुखलं तरी दुखलं म्हणत नाही. तोंड खोटं बोलतं, पायाची बोटं बोलत नाहीत. बोटं वळली की मी करंट कमी करते. काढा." मग बसचा ड्रायव्हर असो नाहीतर बँकेतला साहेब, निमूटपणे मोजे बुटांत कोंबून बसायचा.

चष्म्याच्या दुकानावर अरुंद जिना चढून गेलं की बाईंची खोली. मागे झुकणारी एक खुर्ची, लांब दांडीचा दिवा, डोळ्यांवर लावायचं भिंग आणि नजरेला जेमतेम दिसतील अशा सुया. काम सांगायला सोपं होतं. केसाच्या कडेने सुई मुळापर्यंत सरकवायची, क्षणभर करंट द्यायचा आणि मूळ मेलं की केस चिमट्याने उचलून घ्यायचा. एका वेळी एकच केस. ओढावा लागला तर समजायचं, मूळ जिवंत आहे. मेलेलं मूळ मात्र पुन्हा डोकं वर काढत नाही.

पूर्वी बाई एका पार्लरमध्ये बायकांच्या हनुवटीवरचे केस काढायच्या. त्यांचा धाकटा दीर अंगावर स्वेटर घेऊनच जन्माला आलेला. पोहायला जायचा आणि शर्ट घालून काठावर बसायचा. एकदा चाचरत म्हणाला, "वहिनी, माझं काही होईल का?" पार्लरच्या मालकिणीने नाक मुरडलं, पुरुषांना इथे घ्यायचं नाही म्हणाली. बाईंनी पार्लरलाच रामराम ठोकला. लोक कुजबुजले. "पाठ ती पाठ," बाई म्हणाल्या, "केस काय बाई की बुवा असं विचारून उगवतात?" दीर आता पोहतो आणि काठावर उघड्या पाठीने मिरवतो. बाई स्वतःच्या हातावर जाम खूश होत्या आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

अशा बाईंकडे एक दिवस लिलाववाले आले, सोबत बायको. जुन्या सामानाचा लिलाव पुकारायचा हा त्यांचा धंदा. आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस नकळत बोली लावून बसायचा. त्यांना गालाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी गालाचा आतला भाग काढून तिथे छातीवरचं कातडं बसवलं होतं. जीव वाचला, पण कातडं छातीचं, ते आपला स्वभाव कसा सोडणार? तोंडात छातीचे केस उगवू लागले. पांढरे, त्यामुळे लेझरचा उपयोग नाही. घास केसांत अडकायचा, ओठांबाहेर यायचा. तेव्हापासून लिलाववाले स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटे जेवत. घरात सून होती, नातवंडं होती. कुणासमोर तोंड उघडून खाणं त्यांच्या जिवावर यायचं.

डॉक्टरांची परवानगी होती. बाईंनी त्यांना मोजे काढायला लावले आणि दिव्याचा झोत तोंडात सोडला. आत लखलखाट! एक केस नाही.

"आज सकाळीच मी सगळे उपटले," बायको अभिमानाने म्हणाली. "तुम्हाला स्वच्छ दिसावं म्हणून. रोजच उपटते मी. दोन वर्षं झाली, हे काम कुणाला करू देत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. "वहिनी, केसच नाही तर मी सुई कशाच्या कडेने घालू? वाढू द्या. उपटायचं नाही."

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तोंड स्वच्छ. बायकोने मान खाली घातली. "भिंतीकडे तोंड करून जेवताना त्यांची पाठ बघवत नाही हो. राहवलं नाही." मग कोपऱ्यात राहिलेला एक खुंट दाखवून तिने पर्समधून आपला चिमटा काढला. "हा बघा, असा काढते मी," असं म्हणून तोंडात वाकली आणि खसकन ओढला. "लागलं का?"

"छे," लिलाववाले म्हणाले.

बायकोची नजर तोंडात होती. बाईंची नजर, सवयीने, पायांवर. दहाच्या दहा बोटं मुठीसारखी वळली होती.

बायको हात धुवायला बाहेर गेली तशा बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या कातड्याला जाणीव राहणार नाही म्हणाले होते ना डॉक्टर?"

"आधी नव्हती. मग हळूहळू आली." लिलाववाल्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तिला सांगू नका. मी दवाखान्यात होतो तेव्हा तिला काहीच करता येत नव्हतं, नुसती दाराशी बसून असायची. एवढं एकच काम तिच्या हाती लागलंय."

बाईंना गलबलून आलं. असं त्यांना कामाच्या वेळी सहसा होत नसे, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. बायको परत आली तेव्हा त्यांनी तिला फैलावर घेतलं. "वहिनी, पुढच्या वेळी तुमचा चिमटा घरी. पण तुम्ही या. तोंडातलं काम आहे, मला दिवा धरायला खात्रीचा माणूस पाहिजे. हात हलला तर माझी सुई चुकेल. जमेल?"

"न जमायला काय झालं?" बायको ताठ झाली.

आणि तिने पाळलं. केस वाढले, लिलाववाले भिंतीशी जेवले, तिने मन घट्ट करून पाठ बघितली, पण चिमट्याला हात लावला नाही. मग महिनोन् महिने ती उशाशी उभी राहून दिवा धरायची. बाई कापसाने जागा कोरडी करायच्या, सुई घालायच्या, केस उचलायच्या. काही मुळं चिवट निघाली, पुन्हा उगवली, पुन्हा मारली. बाईंनी एकदाही घाई केली नाही. हे जमणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

शेवटी एकच केस उरला, अगदी मागच्या दाढेशी. बाईंनी त्या दिवशी दिवा स्वतःच्या डाव्या हातात घेतला. "वहिनी, हा तुम्ही काढायचा. मी करंट देते, तोवर बाजूला थांबा."

बायको बाईंचा चिमटा घेऊन खुर्चीच्या कडेला उभी राहिली. इतके महिने तिने तोंडाशिवाय काही पाहिलं नव्हतं. आज डोळ्यांना काम नव्हतं. बाईंनी करंट दिला आणि तिच्यासमोर नवऱ्याच्या पायाची बोटं आकसली.

ती बघत राहिली. बाईंनी तिला बघताना बघितलं.

"आता घ्या," बाई म्हणाल्या.

बायको वाकली. केस चिमट्यात धरला आणि तो लोण्यातून यावा तसा आला. तिने मान वळवून पाय पाहिले. बोटं सैल पडली होती.

"लागलं का?"

"छे."

"आज खरं बोललात," बायको म्हणाली.

लिलाववाले उठून बसले. बायकोचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "दोन वर्षं! रोज सकाळी मी ओढायची आणि तुम्ही छे म्हणायचं. मला वाटायचं, माझा हात किती हलका."

"हलकाच होता गं."

"पुरे." तिने चिमटा बाईंच्या ट्रेमध्ये टाकला, वाकून त्यांचे बुटांतले मोजे काढले आणि त्यांच्या हातात दिले. "घाला. घरी चला. आजपासून सगळ्यांसमोर बसून जेवायचं. आणि मीठ कमी पडलं, तर तेही खरं सांगायचं."