बांधावरच्या आपट्याचं पान

रस्त्यात फुटकी बाटली दिसली की आपण पाय जपतो. सुमनमावशी पिशवी उघडायची. होटगी रोडला आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईबरोबर बाजारात जाणं म्हणजे शिक्षाच! सोड्याची हिरवी बाटली, औषधाची तपकिरी, कुणाच्या वाढलेल्या बांगड्या, सगळं घरी यायचं. त्या काचेचा चुरा करून ती दागिने घडवायची. कडुलिंबाच्या पानांची कानातली, पळसाच्या पानाचं पदक.

खरं पान ओल्या मातीवर दाबायचं, त्या ठशात चुरा भरायचा आणि विजेच्या छोट्या भट्टीत भाजायचा, अशी तिची रीत. "फोटो बघून करत जा की," असं मी चिडवलं की फणकारायची, "फोटोला शिरा असत्यात व्हय गं? झाडानं सोता यावं लागतंय." भट्टी गार होईपर्यंत मात्र कुणालाही झाकणाला हात लावू द्यायची नाही. घाईनं काच तडकते.

तिची आई वळसंगला असायची. त्यांच्या शेताच्या बांधावर एक आपटा होता. दसऱ्याला मावशी त्याचीच पानं सोनं म्हणून आईच्या हातावर ठेवून पाया पडायची. अशाच एका दसऱ्याला आई म्हणाली, "सुमे, मला आपल्या आपट्याचं पान कर की गळ्यात घालायला."

मावशी हरखली. "करते की. जरा हात बसू दे." तिच्या पानांत कुठंतरी बारीक बुडबुडा राहायचा. माझ्या कानातल्यांतही आहे, आणि मला तो आवडतो. पण आईला द्यायचं पान तिला निर्दोष हवं होतं.

हात बसवता बसवता रस्ता रुंद झाला, त्यात बांध गेला आणि आपटाही गेला. आई म्हणाली, "दुसऱ्या झाडाचं चालंल की गं. मला कुटं कळतंय?"

"मला कळतंय न्हवं!" मावशी हटून बसली. इतक्या मायाळू माणसानं इतकं आडमुठं असावं, याचा मला आजही राग येतो. त्याच वर्षी हिवाळ्यात आई गेली, गळा रिकामाच राहिला.

तेराव्यानंतर आईचा देव्हारा आवरताना डबीत एक वाळलेलं आपट्याचं पान सापडलं. मावशीनंच कधीतरी दसऱ्याला दिलेलं, आईनं जपलेलं. कोमट पाण्यात भिजवलं तर ते मातीवर नीट बसत होतं. आई असतानाही बसलं असतं.

भट्टी गार झाल्यावर मावशीनं झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. हिरवंगार पान, दोन्ही बाजू सारख्या, शीर न् शीर उठलेली, कुठंही बुडबुडा नाही. "किती सुंदर!" मी बोलून गेले. त्यानंतर तिनं भट्टी कधी लावली नाही.

त्या दिवशी ती ते पान उजेडाला धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"हात कवाच बसला व्हता गं," ती म्हणाली, "मीच म्हातारीला थांबवून ठिवली."