खाडीची ओल

आम्ही वाशीत राहायला आलो त्या वर्षीचा पावसाळा नुकताच संपला होता. एका सकाळी तळमजल्यावरचे गृहस्थ पत्र्याचे दोन डबे घेऊन दारात आले. "तुमच्या गॅलरीत ऊन येतं. थोडा वेळ बसू का?"

सरकारी नोकरी सोडून ते बारा वर्षं कॅमेरा घेऊन देशभर फिरले होते. कॅलेंडरवाल्यांना फोटो देऊन त्यावरच जगत. डब्यांत त्या प्रवासांच्या स्लाइड्स होत्या आणि खाडीच्या दमट हवेने त्यांवर बुरशी चढली होती. वर्तमानपत्रावर एकेक मांडून ते मऊ फडक्याने पुसत होते. बुरशीबरोबर रंगही निघून येत होता.

माझी बायको चहा घेऊन आली. त्यांनी एक स्लाइड उजेडात धरली. "वहिनी, यात काय दिसतं?"

तिने निरखून पाहिलं. "बर्फाचा डोंगर ना? छान आहे."

"समुद्र होता. रामेश्वरचा."

ती ओशाळली. तेच तिची समजूत घालत म्हणाले, "असू दे. मी गेलो होतो ना, माझ्या लक्षात आहे."

मग त्यांनी पुढची स्लाइड उचलली. ती उलटसुलट करून ते बराच वेळ बघत राहिले. ती कुठली, हे त्यांनाही सांगता येईना.