अण्णांच्या किडनीच्या निकम मॅडम

डॉ. निकम मॅडम रिपोर्टला हात लावण्याआधी पेशंटची पिशवी मागत. "घरात जे जे गिळता ते सगळं टेबलावर," हा त्यांचा दंडक. नाशिकला कॉलेज रोडवरच्या त्यांच्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या पिशवीतून गुडघेदुखीच्या गोळ्यांचा ढीग निघाला आणि काळ्याकुट्ट काढ्याची एक बाटली. गोळ्या मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने, काढा शेजाऱ्यांच्या.

"काढ्याचं काही नाही, झाडपाल्याचा आहे," अण्णा म्हणाले. गणिताचे निवृत्त शिक्षक. वाद घातल्याशिवाय त्यांना औषधही लागू पडत नसे.

"सर, धोतराही झाडच आहे. खाता का?"

अण्णांनी काढ्याची बाटली स्वतःच मॅडमकडे सरकवली.

त्यांचे पाय सुजायचे, ते आम्ही वयावर ढकललं होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी करून मॅडमकडे पाठवलं, तोवर दोन्ही किडन्यांचं काम निम्म्याहून कमी झालेलं. अण्णांनी एकच विचारलं, "मशीन लागेल का?" त्यांच्या एका मित्राचं डायलिसिस त्यांनी जवळून पाहिलं होतं आणि त्याची त्यांना मनापासून धास्ती होती.

"आज नाही. गेलेली किडनी परत आणता येत नाही, उरलेली राखता येते. आपण राखू," मॅडम म्हणाल्या. आणि त्यांनी राखली, वर्षानुवर्षं. गोळ्या आणि काढा त्याच दिवशी बंद झाले, अण्णांच्या ताटातलं मीठही. प्रत्येक भेटीत ब्लडप्रेशर, लघवीतली प्रथिनं, रक्तातलं पोटॅशियम. अण्णा कंटाळून म्हणत, "मला काही त्रास नाही, मग कशाला तपासायचं?" त्यावर मॅडमचं ठरलेलं उत्तर असे, "किडनी गरीब गाय हो सर. मरेपर्यंत हंबरत नाही. म्हणून आपणच गोठ्यात डोकवायचं."

मधे अण्णांना न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सटाण्याहून मामा भेटायला आला तो हातात शहाळी घेऊन. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? अण्णांनीही तहानेल्या माणसासारखी लागोपाठ संपवली. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, संध्याकाळी ते रक्तात इतकं चढलं की हृदयाचे ठोके चुकू लागले. मॅडम धावत आल्या, इंजेक्शनं दिली आणि ठोके ताळ्यावर येईपर्यंत पलंगापासून हलल्या नाहीत. मामा कोपऱ्यात रडवेला उभा. आता याची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. खरं तर निघावी असंही वाटत होतं. पण मॅडम मूळच्या मामाच्याच भागातल्या, बागलाणातल्या. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याच बोलीत म्हणाल्या, "मामा, तुमनं प्रेम मोठं शे, पन हाई पानी यास्ले चालत नहीं." मामाने नंतर सगळ्या भावकीला शहाळ्यावर व्याख्यानं दिली.

शेवटी व्हायचं ते झालंच. किडन्या थकल्या, आणि मधल्या वर्षांत हृदयही अशक्त झालेलं. मॅडमनी काही लपवलं नाही. मशीनवर काय होईल, मशीनशिवाय काय होईल, हे दोन्ही अण्णांना समोर बसवून सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "नको मॅडम. मला घरी राहायचंय."

माझा भाऊ उसळला. "तुम्ही स्पेशालिस्ट आहात ना? मग त्यांना समजवा!"

"समजावलंय, आणि त्यांना समजलंय. या हृदयाला मशीन झेपेलच असं मीही सांगू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मशीन नको म्हणजे डॉक्टर नको, असं नाही. सूज, धाप, खाज, मळमळ, हे सगळं अजून माझंच काम आहे."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. इतकी वर्षं झुंजलेल्या बाईने अशी माघार घ्यावी? पण ती माघार नव्हती. औषधं बदलत, फोनवर विचारपूस करत, कधी स्वतः घरी येत त्यांनी अण्णांना धाप लागू दिली नाही. अण्णा शेवटपर्यंत शेजारच्या मुलींना बीजगणित शिकवत होते. गेले तेही घरीच, आईशी बोलता बोलता.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी मॅडम भेटायला आल्या. आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. पहिल्याच घासाला मॅडम थबकल्या. भाजी पार अळणी होती.

"काकू, तुम्हीही हेच खाता? इतकी वर्षं?"

"त्यांच्या ताटात वेगळं आणि माझ्या ताटात वेगळं, घास उतरला असता का?" आई म्हणाली. "आता हाताला वळणच पडलंय."

मॅडम उठल्या, हात धुतला, स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आल्या. आईचं ब्लडप्रेशर त्यांनी आल्या आल्याच तपासलं होतं. चिमूटभर मीठ आईच्या ताटात वाढून त्या म्हणाल्या, "तुम्हाला चालतं, काकू. जेवा."

अण्णा गेल्यापासून आई रडली नव्हती. त्या दिवशी ती मीठ कालवून जेवली, आणि जेवता जेवता पोटभर रडली.