पेन्सिलची फुली

“हा फॉर्म मी भरलेलाच नाही, ताई,” केतकी म्हणाली. चौथं सेशन चालू होतं, आणि आधीची तीन सेशन्स मी त्याच फॉर्मच्या भरवशावर काढली होती.

मी अ‍ॅमस्टेलव्हीन या नेदरलँड्समधल्या गावी एका क्लिनिकमध्ये कपल थेरपिस्ट आहे. म्हणजे लग्नात काही बिनसलं की नवरा-बायको माझ्यासमोर येऊन बसतात. आमच्याकडे मराठी बोलणारी मी एकटीच, त्यामुळे आपली माणसं लांबून येतात. केतकी आणि मंदार आइंडहोवनहून यायचे. नावं अर्थातच बदललेली आहेत. तो चिप बनवणाऱ्या मशीन्सवर काम करणारा इंजिनिअर. ती डेंटिस्ट, नाशिकला तिचं स्वतःचं क्लिनिक होतं. इथे तिची डिग्री तशीच चालत नाही. आधी डच शिका, मग परीक्षा द्या, मग बघू. चार वर्षं ती घरीच होती.

पहिल्या भेटीआधी आम्ही दोघांना एकेक फॉर्म ईमेल करायचो; तो छापून, हाताने भरून आणायचा. त्याला सॅटिस्फॅक्शन स्केल म्हणतात. तीस वाक्यं, प्रत्येकाला एक ते दहा मार्क द्यायचे. घरात माझं मत विचारलं जातं. मला एकटं वाटत नाही. कामाची वाटणी मला पटते. जवळीक पुरेशी आहे. आकडे कमी असले तर आम्ही फारसं घाबरत नाही. दोघांच्या आकड्यांत फार फरक असला की घाबरतो, कारण मग एकाच घरात दोन वेगळी लग्नं चालू असतात.

या दोघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. सात, आठ, आठ, सात. मी खूश झाले. “तुमचं छान जुळतं की,” असं पहिल्याच दिवशी म्हणूनही टाकलं. मंदार हसला. केतकीही हसली. “हिला इथे करमत नाही, एवढंच,” तो म्हणाला. मी त्यांना रोज अर्धा तास फोन बाजूला ठेवून बोलायला सांगितलं, रविवारी सायकलवर फिरायला सांगितलं. मंदारने त्याची एक्सेल शीट केली आणि दर वेळी रिपोर्ट आणला. तो ‘आम्ही’ म्हणून बोलायचा, ती ‘हो, तसंच’ म्हणायची.

माझी बॉस मारायके हिने एकदा विचारलं होतं, “आणि बायको काय म्हणते?”

“तेच म्हणते.”

“नेहमी?”

“नेहमी.”

तिने भुवया उंचावल्या. मला वाटलं, या डच बाईला आपल्याकडचं काय कळणार.

चौथ्या वेळी कामावर मशीन बंद पडलं म्हणून मंदार येऊ शकला नाही. केतकी एकटी आली. गाडी कुठे बदलायची, ट्राम कोणती घ्यायची, हे त्याने कागदावर लिहून दिलं होतं. तिला बोलतं करावं म्हणून मी तिचा फॉर्म काढला. “‘मला एकटं वाटत नाही’ याला तू आठ दिलेस,” मी म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, की हा फॉर्म तिने भरलेलाच नाही.

“मग कुणी भरला?”

“मंदारने. दोन्ही त्यानेच भरले. इथले सगळे फॉर्म तोच भरतो. नगरपालिकेचे, डॉक्टरचे, परमिटचे. मी सही जिथे करायची तिथे तो पेन्सिलने फुली करून ठेवतो.”

“तू वाचत नाहीस?”

“सुरुवातीला वाचायचे. डचमध्ये असतं ना सगळं. वेळ लागायचा, त्याला ऑफिसला उशीर व्हायचा.”

“अगं, हा तर मराठीत होता.”

“हो का?” ती म्हणाली. “मी शेवटचं पानच बघितलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. दोन्हींत सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ, इथले लोक काढतात तशी. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिला कोरा फॉर्म दिला. चाळीस मिनिटं ती लिहीत होती. एक, दोन, एक, एक. ‘माझं मत विचारलं जातं’ यापुढे तिने शून्य लिहिलं आणि विचारलं, “चालेल ना?” ‘जोडीदार माझी काळजी घेतो’ याला दहा दिले. ‘हे लग्न टिकावं असं मला वाटतं’ यापुढची जागा रिकामी सोडली.

पुढच्या भेटीत, तिला विचारून, मी तो फॉर्म मंदारला दाखवला. मशीनचा टेस्ट रिपोर्ट वाचावा तसं त्याने एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

“हे कधीपासून?”

“पहिल्या हिवाळ्यापासून.”

“मी तुझाच विचार करून भरला होता गं.”

“माहीत आहे मला.”

“मग सांगायचंस ना.”

“कधी? तुझं भरून झालं होतं.”

तो माझ्याकडे वळला. “ताई, यातलं आधी काय सुधारायचं? प्रायॉरिटी सांगा, मी करतो.” मी फॉर्म हातात घेतला. केतकीच म्हणाली, “राहू दे, मंदार. मी नाशिकचं तिकीट काढलंय.”

मी दोघांना अजून दोनदा बोलावलं. ती यायची, शांतपणे बसायची. तो रडायचा. “मी हिला काही कमी पडू दिलं नाही हो,” हेच पुन्हा पुन्हा म्हणायचा. ते खरं होतं. मी हात टेकले.

केस बंद करतानाही आमच्याकडे एक फॉर्म असतो, दोघांच्या सह्यांचा. मंदारने तो भरला. मग सवयीने खिशातली पेन्सिल काढून तिच्या सहीच्या जागी बारीक फुली केली. दोघांनाही ती दिसली. तो टेबलावर खोडरबर शोधू लागला.

“असू दे,” केतकी म्हणाली आणि तिने फुलीवरच सही केली.

हल्ली मी फॉर्म आधी पाठवत नाही. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरून घेते. मारायकेने आता तसा नियमच केला आहे. त्यामुळे लग्नं वाचतात असं नाही. कोण किती दुःखी आहे, ते तेवढं मला वेळेवर कळतं.