लाल बटण कुठं हाय?

तुमच्या विहिरीवरची मोटार तुम्हाला फोनशिवाय बंद करता येते का? खरं सांगा.

मी पत्रकं वाटतच लहानाची मोठी झाले, त्यामुळे प्रश्नाआधीच माझं उत्तर छापून तयार असतं. नेवासा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सुट्टीच्या दिवशी मी अकरावीच्या मुलांचं शिबिर घेतलं. विषय : ‘यंत्राचे गुलाम होऊ नका!’ सगळ्यांचे फोन, माझासुद्धा, लोखंडी ट्रंकेत. कुलूप माझ्याच हट्टाने दणकट. मोह नको म्हणून किल्ली शिपाईमामांकडे. मामा किल्लीसकट बाजाराला गेले.

मी घोषणेवर आले होते, तेवढ्यात एक मुलगी ताडकन उठली.

“मॅडम, मोटार! निघताना फोनवरून चालू केली, बंद करायची ऱ्हायली. कांद्याचं रोप सडंल! मग लावायचं काय?”

स्टार्टर फक्त तिच्याच नंबरचं ऐकायचा. मामांना बोलवावं, तर त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये.

“पाठ न्हाई, मॅडम?”

मला घोषणा पाठ होत्या.

शेवटी ती गच्चीवर चढली, मागोमाग आम्ही सगळे, आणि तिने शेताकडे हाळी दिली. ओढ्यापलीकडे शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी ती पुढे पोचवली. तिच्या काकीचं उत्तर त्याच वाटेने आलं : “कोन गेलं गं?”

“कुनी न्हाई! मोटार बंद कर! लाल बटन दाब!”

जरा वेळाने बाबांचा आवाज : “ती म्हनती, बटन कुठं हाय?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी वर्गाकडे. घरोघरी मोटार, पण फोनवर चालायला लागल्यापासून स्टार्टरची पेटी कुणी उघडलीच नव्हती.

“काकीला म्हनावं पाइप उचल!” पोरगी किंचाळली.

काकीने पाइप उचलून शेजारच्या वावरात टाकला. रोप वाचलं. शेजारी बांधावरून जे बोलला, तेही बाबांनी एक शब्द न गाळता आमच्यापर्यंत पोचवलं. मी मुलांना कान झाकायला लावले.

मामा आल्यावर ट्रंक उघडली, मुलीने फोन लावला, मोटार थांबली.

“मॅडम,” ती म्हणाली, “फुडच्या टायमाला शिबिर इहिरीवरच घ्या.”

पत्रकातलं ‘फोन फेका’ मी खोडलंय. आता एवढंच मागते : आज दिवस मावळायच्या आत, फोन खिशात असू द्या, पण मोटारीपाशी जा. पेटी उघडा, लाल बटण शोधा, एकदा स्वतःच्या हाताने दाबा. आणि जाताना काकीलाही सोबत न्या.